हरणाची गोळी, डुकराचा खांदा

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी रायफल आहे. अंगाने सडपातळ, वजनाला हलकी आणि जिभेला तिखट. आपली कहाणी सांगणारी छत्री, फाटकं पुस्तक, म्हातारं झाड तुम्हाला शाळेत भेटलं असेल. ती सगळी गरीब बिचारी असतात. मी गरीब नाही आणि बिचारी तर मुळीच नाही. जीव घेण्यासाठी मला घडवलं आणि मी जीव घेतले. ऐकवत नसेल त्याने इथेच उठून जावं.

माझा जन्म जर्मनीतल्या थुरिंगियात, डोंगराच्या कुशीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पोलादाच्या कांबीला भोक पाडून माझी नळी केली. गोळी भिरभिरत सरळ जावी म्हणून नळीला आतून पीळ दिला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. तो घासून गुळगुळीत करणाऱ्या कारागिराने शेवटी माझ्यावरून हात फिरवला आणि शेजारच्याला सांगितलं, "ही रेहसाठी. याहून मोठ्या जनावराच्या वाटेला हिने जाऊ नये." रेह म्हणजे इथलं लहान हरीण, तुमच्याकडच्या भेकराएवढं. कारागिराने माझी पत्रिकाच मांडली होती म्हणा ना.

आता कॅलिबर म्हणजे काय ते ऐका. तसं ते नळीच्या तोंडाचं माप. पण नुसत्या मापाने भागत नाही. गोळी जड की हलकी, मागे दारू किती, आत शिरल्यावर ती किती फुलते, हे सगळं जनावराकडे बघून ठरवायचं असतं. सशाला छर्र्यांची बंदूक. कोल्ह्याला आणि रेहला मी. सांबराच्या अंगलटीच्या मोठ्या हरणाला आणि रानडुकराला जड गोळीची रायफल. जर्मनीत तसा कायदाच आहे. साडेसहा मिलिमीटरच्या खालची गोळी डुकरावर झाडायची नाही, आणि मी त्याच्या बरीच खाली. जड गोळीने लहान हरीण मारलं तर मांसाचा चिखल होतो. हलक्या गोळीने डुक्कर मारलं तर डुक्कर मरत नाही. चिखल निदान टाकून देता येतो.

माझा पहिला मालक एक वनरक्षक होता. तो काही देवमाणूस नव्हता. रानात भटकणारी मांजरंही तो माझ्याकडून टिपायचा. त्याच्या शेजारणीचं पांढरं मांजर असंच गेलं. ती बाई कितीतरी दिवस दुधाची बशी वाजवत हाका मारत होती आणि हा खिडकीत उभा राहून कॉफी पीत होता. पण एक गोष्ट त्याची मानावी लागेल. मला न पेलणारं काम त्याने कधी सांगितलं नाही. मी उडाले की रेह आवाज ऐकायच्या आत आडवं व्हायचं. मग तो टोपी काढायचा, एक हिरवी डहाळी मोडायचा आणि मेलेल्या नराच्या तोंडात ठेवायचा. इकडे याला शेवटचा घास म्हणतात.

म्हातारा मेला आणि मी डार्मश्टाटच्या एका दुकानात येऊन पडले. कितीतरी गिऱ्हाइकं आली. उचलायची, डोळ्याला लावायची आणि "फारच लहान" म्हणून परत ठेवायची. नळीवर तांबूस ठिपके पडू लागले. कौतुकाची सवय झालेल्याला अडगळ फार लागते, मित्रांनो. त्याच सुमाराला मल्हार आला.

मल्हार मूळचा कोल्हापूरचा. इथे एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक बनवणारा इंजिनिअर. जर्मन शिकाऱ्यांची अवघड परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला होता आणि कोणत्या जनावराला कोणतं कॅलिबर हे तर त्याला तोंडपाठ होतं. मला त्याने रेहसाठी घेतलं. डुकरासाठी त्याच्याकडे आधीच एक जाडजूड रायफल होती. तिच्या कॅलिबरला इकडे द्राइसिश-नुल-झेक्स, म्हणजे तीस-शून्य-सहा, म्हणतात. मी तिला थोरली म्हणते. थोरली खांद्याला अशी लाथ मारते की मल्हार दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने दात घासायचा. त्यामुळे जीव माझ्यावर आणि भीती तिची, असा त्याचा संसार होता. आम्हा दोघींना त्याने घरातल्या पोलादी कपाटात शेजारी शेजारी ठेवलं.

जर्मनीत परवाना मिळतो, पण शिकारीला रान मिळत नाही. ते ओळखीने, विश्वासाने मिळतं. मल्हारला ते फ्राऊ डॉक्टर क्राफ्ट यांनी दिलं. या बाई जनावरांच्या डॉक्टर. ओडनवाल्डच्या डोंगरातलं एक रान त्यांच्याकडे होतं. मल्हारने पहिलं रेह मारलं तेव्हा बाईंनीच रेहच्या तोंडात डहाळी ठेवली आणि मल्हार म्हणाला, "आमच्याकडे मरणाऱ्या माणसाच्या तोंडात तुळशीचं पान ठेवतात." बाईंना ते फार आवडलं. त्या दिवसापासून तो त्यांचा माणूस झाला. ऑफिसात कुणी काही म्हणो, त्या रानात तो परका नव्हता, आणि ही जागा जाऊ नये एवढंच त्याला आता हवं होतं.

बाईंची एक कुत्री होती, आल्मा. तांबूस रंगाची, लोंबत्या कानांची, वयाने उतरलेली. जखमी होऊन पळालेलं जनावर रक्ताच्या वासावरून शोधायचं हे तिचं काम. मल्हार खिशात तिच्यासाठी भाकरीचा तुकडा न्यायचा हे तिला ठाऊक होतं. तो दिसला की ती आधी त्याच्या खिशात नाक घालायची. 

मग ऑक्टोबरात श्रीरंगकाका आले. मल्हारचे सख्खे काका, मिशा पिळणारे. आल्या दिवसापासून त्यांचं एकच चालू होतं, की आबांनी, म्हणजे मल्हारच्या आजोबांनी, ठासणीच्या बंदुकीने केवढं डुक्कर लोळवलं होतं. एका संध्याकाळी मल्हार मला घेऊन रेहच्या शिकारीला निघाला आणि काकांनाही मचाणावर घेऊन गेला. रेह काही आलं नाही. उजेड कलायला लागला आणि बाजूच्या ओकांमधून एक एकटा, दांडगा, सुळेवाला नर डुक्कर बाहेर आला.

काकांनी मल्हारचा दंड धरला. "अरं, बघतोस काय? मार की लेका!"

"काका, ही डुकराची नाही. ती घरी आहे," मल्हार कुजबुजला.

"गोळी ती गोळी! कानामागं हाण, जागेवर बसतंय बघ. आबांनी ठासणीनं पाडलं, आन् तुझ्याकडं जर्मन बंदूक असून तू मला गणित सांगतोस व्हय?"

आणि बघा, गणितच त्याच्या कामाला आलं. अंतर कमी आहे, म्हणजे जोर जास्त, मान मऊ असते, वारा नाही. हुशार माणसाला चूक करायची असली की कारणं धावत येतात. त्याने मला खांद्याला लावलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, पण माझं तोंड घोड्याशिवाय उघडत नाही. त्याने घोडा दाबला आणि त्याच वेळी डुकराने एक पाऊल पुढे टाकलं.

गोळी मानेत गेली नाही, खांद्यावर बसली. म्हाताऱ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा जाड थर असतो. माझी हरणाची गोळी त्यावर फुटली. डुक्कर किंचाळलं, गुडघ्यावर आलं, उठलं आणि काटेरी झुडपांत घुसलं. बराच वेळ आतून घुरघुर ऐकू येत होती. मग तीही थांबली.

"लागली की रं!" काका खूश होते.

जखमी जनावराच्या मागे लगेच जायचं नसतं. ते रात्रभर पडू द्यायचं आणि सकाळी कुत्र्याने शोधायचं, अशी इकडची रीत. मल्हारने रीत तंतोतंत पाळली. जिथे डुक्कर उभं होतं तिथे डहाळी खोचली, गाडीत बसला आणि बाईंना फोन लावला. मी मागच्या सीटवर पिशवीत होते, सगळं ऐकत होते. बाईंनी काही रागावून विचारलं नाही. त्यांना सकाळची तयारी ठरवायची होती, म्हणून त्यांनी विचारलं, "वेल्शेस कालिबर?" कोणतं कॅलिबर?

मल्हारने काकांकडे पाहिलं. खरं बोलला असता तर ते रान गेलं असतं, परवाना गेला असता. म्हणून तो म्हणाला, "द्राइसिश-नुल-झेक्स."

"बरं. मग तो पडलेलाच असेल," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने माझी जेवढी निगा राखली तेवढी उभ्या आयुष्यात कुणी राखली नव्हती. नळीतून ब्रश फिरवला, फडकी फिरवली, दस्त्याला तेल चोळलं. दारूचा वाससुद्धा राहू दिला नाही. मला पूर्वी अशी निगा आवडायची. त्या दिवशी मात्र प्रेताला अंघोळ घालतात तसं वाटलं. सकाळी तो काकांना आणि थोरलीला घेऊन गेला. पुढचं मी पाहिलेलं नाही, थोरलीने सांगितलं. ती जड डोक्याची आहे, तिला तिखटमीठ लावता येत नाही.

सकाळी आल्मा आधी मल्हारच्या खिशाकडे गेली आणि भाकरी खाल्ली. तिच्या आयुष्यातला तो शेवटचा घास. मग तिने वास घेतला आणि काम सुरू केलं. पानांवर रक्त अगदीच कमी होतं. बाई थांबल्या.

"एवढ्या मोठ्या गोळीला एवढंच रक्त?"

"कदाचित पलीकडे निघाली नसेल," मल्हार म्हणाला. ही दुसरी संधी होती. तीही त्याने घालवली.

झुडपांच्या तोंडाशी आल्मा भुंकू लागली. बाईंच्या पाठीवरच्या पिशवीत तिचं जाड जाकीट होतं. सुळे लागू नयेत म्हणून कुत्र्यांना घालतात ते. बाईंनी ते बाहेर काढलं आणि परत आत ठेवलं. "एवढ्या मोठ्या गोळीचा डुक्कर रात्रीच मेला असणार. आत काटे आहेत, जाकीट अडकून म्हातारीचे हाल होतील." एवढं बोलून त्यांनी पट्टा सोडला.

डुक्कर मेलं नव्हतं. खांदा सुजलेला, रात्रभर ठणकलेला, आणि त्याहून जास्त संतापलेला नर आत उभा होता. आल्माचा एकच आवाज आला. बाई झुडपं तुडवत आत गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या बंदुकीने डुक्कर पाडलं, पण आल्माचं पोट तोवर फाटलं होतं. बाई डॉक्टर असल्यामुळे त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी औषधाची पेटी मागितलीच नाही. चिखलात बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती बाईंचा हात चाटत होती, मग चाटायची थांबली.

काका जरा लांब उभे होते. ते म्हणाले, "मल्हार, त्यास्नी सांग, दुसरं कुत्रं घेऊन देऊ म्हणावं. याच जातीचं."

"काय म्हणतात ते?" बाईंनी विचारलं.

"फार वाईट वाटलं म्हणतात," मल्हार म्हणाला.

बाई उठल्या. त्यांनी सुरी काढली आणि रीतीप्रमाणे डुक्कर सोलायला घेतलं. खांद्यापाशी त्यांची बोटं थांबली. ढालीतून त्यांनी काहीतरी उकरून काढलं. तांब्याचा चुरगळलेला लहानसा तुकडा, मटाराच्या दाण्याहून छोटा. त्यांनी तो पाहिला. मग मल्हारच्या खांद्यावरच्या थोरलीचं तोंड पाहिलं. थोरली म्हणते, तिला तेव्हा वितळून जावंसं वाटलं. बाईंनी तो तुकडा मल्हारच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बाईंनी रीत पुरी करायला घेतली. ओकाची डहाळी मोडली, डुकराच्या तोंडात शेवटचा घास दिला. पहिली गोळी ज्याची शिकार त्याची, म्हणून दुसरी डहाळी रक्तात बुडवून आपल्या टोपीवर ठेवली, ती मल्हारपुढे धरली आणि यशस्वी शिकाऱ्याचं करतात तसं त्याचं अभिनंदन केलं. "वाइडमान्सहाइल."

याला उत्तर द्यावंच लागतं. "वाइडमान्सडांक," मल्हार म्हणाला.

मिळालेल्या डहाळीतला अर्धा भाग मोडून शोध घेणाऱ्या कुत्र्याला द्यायचा, हीदेखील रीत. मल्हार आल्मापाशी गुडघ्यावर बसला. त्याचा हात आपल्या सवयीने गेला तो तिच्या तोंडाकडे, तुळशीचं पान ठेवावं तसा. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"तोंडात नाही. ती शिकार नव्हती. गळपट्ट्यात खोचतात."

त्याने ती डहाळी गळपट्ट्यात खोचली. त्यानंतर बाईंनी त्याला कधी बोलावलं नाही. तक्रारही केली नाही. काका कोल्हापूरला परतले. टोपीवर डहाळी, पायाशी डुक्कर असा मल्हारचा फोटो ते तालमीत सगळ्यांना दाखवतात आणि सांगतात, "एका गोळीत." फोटोच्या कडेला तांबूस शेपटी दिसत होती, तेवढी त्यांनी कापून टाकली.

मल्हार आता शिकार करत नाही. पण अधूनमधून कपाट उघडतो आणि मला तेल लावतो. परवा त्याची लेक ईश्वरी मागे येऊन उभी राहिली. श्रीरंगआजोबांनी फोनवर पाठवलेला तो फोटो तिने पाहिला होता. ती मराठी समजते, पण उत्तरं जर्मनमध्ये देते.

"पापा, मिट वेल्शर?" कोणत्या बंदुकीने?

मी वाट पाहत होते. घरातच, स्वतःच्या लेकीने विचारलं होतं, जवळ दुसरं कुणी नव्हतं आणि आता गमवायला रानही उरलं नव्हतं. मल्हारच्या एका हातात तेलाचं फडकं होतं, आणि माझी नळी त्याच फडक्यात होती. त्याने दुसरा हात उचलला आणि थोरलीकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा असं सगळ्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात. मी नाही सांगणार. गंजून माझं भोक बुजलं तरी चालेल. फक्त कुणी विचारलं, कोणत्या बंदुकीने, तर जी हातात होती तिचंच नाव घ्या. विचारणाऱ्याच्या पिशवीत एखाद्या म्हातारीचं जाकीट असतं.