अळणी ताट

युफेमिया त्या दगडावर कपडे धूत असे. तिच्या भावाने तो तिच्या मुलाची, अल्विनची, स्मृतिशिळा म्हणून त्रिनिदादला घडवून, त्यावर नाव कोरून घेऊन बोटीने धाडला होता. पण घरी येताच तिने तो अंगणातल्या नळाजवळ पालथा घालायला लावला. अल्विनचे नाव मातीकडे, गुळगुळीत पाठ आभाळाकडे. चार वर्षे त्या पाठीवरून साबणाचा फेस वाहत होता आणि कॅरियाकू बेटावरच्या लेस्टेर गावात कोणाची तिला हटकण्याची छाती होत नव्हती.

अपवाद शेजारच्या क्लोरिन मावशीचा.

"फेमे, पोराच्या छातीवर धुणं आपटतेस गं," ती कुंपणावरून म्हणायची.

"पोर जिवंत आहे माझं. मेलेल्याला भूक लागली की तो घरच्यांच्या स्वप्नात येतो. तुझा नवरा नव्हता आला?"

"आला की! जिवंतपणी कधी वेळेवर घरी आला नाही, मेल्यावर मात्र आठवड्याच्या आत हजर. 'कोंबडी कुठंय?' म्हणे."

"मग? माझा एकदाही आला नाही."

बेटाच्या रीतीने पाहिले तर हा युक्तिवाद निर्दोष होता. अल्विनची होडी कॅनुआन बेटाच्या खडकांवर पालथी सापडली, हे खरे. पण होडी म्हणजे माणूस नव्हे. मृताने जेवण मागितल्याशिवाय कॅरियाकूत ढोल वाजत नाहीत, पितरांचे अळणी ताट मांडले जात नाही, दगडही बसत नाही. आणि ज्याने अजून मागितले नाही, तो कुठेतरी जेवत असला पाहिजे. एवढ्या एका निष्कर्षाच्या आधारावर युफेमियाने आपले घर उभे ठेवले होते. रोज संध्याकाळी ती कंदील घेऊन पायरीवर बसे आणि उजाडल्यावरच आत जाई.

होडी उलटली त्या दिवशी अल्विन बेक्वियाला मारेनला सोडून एकटाच परतत होता. मारेन डेन्मार्कची. विद्यापीठाच्या एका सत्रापुरती ग्रेनाडाला शिकायला आलेली ही मुलगी सुटी मिळाली की कॅरियाकू गाठायची आणि अल्विनच्या होडीतून बेटामागून बेट धुंडाळायची: युनियन, मेरो, कॅनुआन. अल्विन त्या बेटांच्या अंगाखांद्यावर वाढला होता. तरीही घरी परतल्यावर तो त्यांच्याविषयी असा बोले, की जणू ती त्याने तिच्या डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. युफेमियाला ती पोर आवडत नव्हती असे नाही. मागून मागून जेवणारी पाहुणी कोणाला आवडत नाही? पण बेक्वियाची ती शेवटची फेरी तिच्यासाठी काढली नसती, तर... हे वाक्य युफेमियाने मनातसुद्धा कधी पुरे केले नव्हते.

त्यानंतर चार वर्षांनी एका रविवारी दुपारी तीच मारेन फाटकाशी येऊन उभी राहिली.

"आई," ती म्हणाली. अल्विनचे ऐकून तिला तीच सवय लागली होती.

"ये. किती वाळलीस गं! तुमच्याकडे खायला घालत नाहीत की काय?"

मारेन आत आली आणि नळाजवळच्या त्या दगडावरच टेकली. तिला ठाऊक नव्हते. युफेमियाने तिला उठवले नाही.

"मी येणार नव्हते," मारेन खाली बघत म्हणाली. "तुम्हाला तोंड कसं दाखवू, असं वाटायचं. पण झोप लागली की तो येतो."

युफेमिया चादर पिळता पिळता थांबली. "कोण येतो?"

"अल्विन. होडीच्या काठावर बसलेला असतो, ओलाचिंब. मी हाका मारते, तर वळूनही बघत नाही. डॉक्टर म्हणतात, मनाचे खेळ आहेत, थांबतील."

"काही बोलतो?"

"एकच. 'आईला विचार, जेवायला कधी वाढतेय.'" मारेन डोळे पुसत ओझरते हसली. "सारखी भूकच लागलेली असायची त्याला, नाही?"

कुंपणापलीकडे क्लोरिन मावशीचा झाडू थांबला.

दुःख अशा वेळी सर्वांत आधी येते, असे मानणाऱ्यांनी युफेमियाला त्या क्षणी पाहायला हवे होते. आधी आला तो मत्सर. एवढा समुद्र ओलांडून पोरगा बर्फाच्या मुलखात या परकीच्या उशाशी गेला. आणि आईने चार वर्षे उघडे ठेवलेले दार त्याला दिसले नाही?

"खोटं बोलतेस तू!" ती ओरडली. "माझ्याकडे आला असता तो. मी आई आहे त्याची!"

"फेमे," क्लोरिन मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ असू शकतो, हे गावात कोणालाच माहीत नव्हते. "तुझ्या स्वप्नात यायला तू झोपायला नको का गं? रात्र रात्र कंदील घेऊन बसतेस. बिचारा दारापर्यंत येत असेल, तुला जागी बघून माघारी जात असेल. शेवटी हिच्याकडे निरोप ठेवला त्याने."

युफेमियाच्या हातात चादर तशीच होती. पाणी तिच्या पावलांवर ठिबकत होते. तो यावा म्हणून ती जागली होती, आणि जागून जागून तिने त्याला उपाशी ठेवले होते.

"ऊठ पोरी," ती म्हणाली. "त्या दगडावरून ऊठ."

तिघींनी मिळून दगड सुलटा केला. अक्षरांत माती घट्ट बसली होती. नाव वाचताच मारेन तळहाताने वरची माती पुसू लागली. युफेमियाने केसांतली पिन काढली आणि एकेक अक्षर ती टोकरू लागली, लहानपणी त्याची नखे साफ करी तशी.

शनिवारी ढोलवाले आले. दगडावर पाणी आणि रम शिंपडून झाली. अंगणात मोठाल्या पातेल्यांत भात, कोंबडी, मक्याचा घट्ट सांजा शिजत होता. पितरांचे ताट युफेमियाने चुलीपाशी स्वतः वेगळे रांधले. सांजा घोटताना सवयीने तिचा हात मिठाच्या बरणीकडे गेला आणि तिथेच थबकला.

मदतीला बसलेल्या मारेनने बरणी उचलून पुढे केली. "आई, मीठ राहिलं."

"राहू दे," युफेमिया म्हणाली. "मीठ त्याच्या पोटात पुष्कळ गेलंय."

तिने ताट वाढले, आतल्या खोलीत नेऊन ठेवले आणि बाहेर येऊन दार हलकेच ओढून घेतले.