माझ्या मागून म्हणा

पद्मावतीबाईंना आपल्या नम्रतेचा फार अभिमान होता. हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत त्या बायबल-बाई होत्या. घरोघर जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायचं, प्रार्थना शिकवायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे त्यांचं काम. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, मंडळी हेच घर. उपासनेला त्या सगळ्यांच्या आधी येऊन अगदी पुढच्या सतरंजीवर बसत, आणि आपल्याला मागं बसायलाही काही वाटत नाही, हे शेजारणीला आवर्जून सांगत.

अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं. त्यानंतरचे काही आठवडे कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता. रस्त्यात घोळके उभे असत, आणि बाईमाणूस कोणाच्या घरचं, हे आधी तिच्या कपाळावरून ठरवत. मंडळीतल्या बायका कुंकू लावत नसत. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नसे, पण त्या दिवसांत रिकाम्या कपाळाची बाई मुसलमान समजली जाई, आणि तसं कपाळ घेऊन बाहेर पडायला छाती लागत होती.

रेल्वेतल्या वसंतची बायको इंदुमती अशाच एका सकाळी अडचणीत सापडली. तान्हं मूल तापानं फणफणलेलं आणि वसंत सिकंदराबादला ड्यूटीवर अडकलेला. तिनं शेजारणीकडून ठसठशीत कुंकू लावून घेतलं, मुलाला पदराखाली घेतलं आणि डॉक्टर गाठला. वाटेत पोरांनी हटकलं तेव्हा "आम्ही हिंदू" असंही म्हणाली. येताना चौकात पद्मावतीबाई भेटल्या. त्यांनी कपाळाकडे पाहिलं, आणि इंदुमतीनं घडलं ते सगळं सांगून टाकलं. लपवायचं असतं हेच त्या पोरीला माहीत नव्हतं.

पद्मावतीबाईंनी अतिशय जड अंतःकरणानं, पण त्याच संध्याकाळी, ही गोष्ट पाळक मुकुंदरावांच्या कानावर घातली. पंच बसले. इंदुमतीनं मंडळीपुढं कबुली देईपर्यंत तिला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस मिळणार नाही, आणि तिच्या मुलाचा नाताळातला बाप्तिस्माही तोवर थांबेल, असं ठरलं. मंडळीची रीत जुनी होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी दुपारी तयारीची सभा भरे. चुकलेल्या माणसानं उभं राहायचं, आणि ज्यानं त्याला विश्वासात वाढवलं त्यानं शेजारी उभं राहून कबुलीचे शब्द एकेक करून सांगायचे. चुकलेल्यानं ते मागून म्हणायचे. इंदुमतीला वाढवलं होतं पद्मावतीबाईंनी.

आता जे पद्मावतीबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते आपण सांगून टाकू. चौकातल्या त्या भेटीच्या थोडेच दिवस आधी त्या जालन्याहून, बहिणीकडून, हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनाला परतत होत्या. गाडी मधल्या एका स्टेशनात थांबली. चारपाच माणसं डब्यात चढून एकेकाला विचारू लागली, कोण, कुठले. विधवा आहे म्हटलं तर कोण खरं मानणार, असं पद्मावतीबाईंना वाटलं. समोर एक म्हातारी बसली होती, प्रेमळ जीव. ती म्हणाली, "अगं बाई, कपाळ मोकळंच?"

"घाईत राहिलं," पद्मावतीबाई म्हणाल्या.

म्हातारीनं करंडा काढून आपल्या हातानं त्यांना कुंकू लावलं. मालक कुठं असतात, असंही विचारलं. "काचीगुड्याला घ्यायला येणार आहेत," असं या विधवा बाईनं सांगितलं, आणि मांडीवरचं बायबल हळूच पायाशी सरकवून त्यावर लुगड्याचा घोळ ओढला. माणसं आली, त्यांच्याकडे एकदा पाहून पुढं गेली. घरी पोचल्यावर त्यांनी कपाळ इतकं घासलं की दोन दिवस ते लाल होतं. पुढं बायकांना त्या सांगत, प्रभूनं मला वाटेत सांभाळलं. एवढंच सांगत.

सभेच्या दिवशी सकाळी त्या इंदुमतीला शब्द शिकवायला गेल्या. मूल आता बरं होतं, चटईवर पालथं पडून पेला चाटत होतं.

"म्हण, मी मनुष्यांच्या भयानं प्रभूला नाकारलं."

इंदुमतीनं म्हटलं. मग थांबली. ती हैदराबादेतच वाढलेली, बोलणंही इथलंच, उर्दू मिसळलेलं. "मावशी, एक पुछू? माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी प्रभूचं नाव घेतलं असतं," पद्मावतीबाई म्हणाल्या. विचार करायलाही वेळ लागला नाही.

"हौ ना," इंदुमती म्हणाली. "तुमचं तसं आहेच. मला नाही जमलं. लई डर लागला होता, मावशी." तिच्या आवाजात जरासाही टोमणा नव्हता. तो असता तर पद्मावतीबाईंना फार बरं वाटलं असतं. त्यांनी घाईघाईनं मुलाच्या हातातला पेला काढून घेतला, त्यानं भोकाड पसरलं, आणि शिकवणी तिथंच संपली.

घरी येऊन त्यांनी भाकरी टाकली आणि तशीच झाकून ठेवली. कुंकवाचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. भिणारं माणूस भितं, आणि प्रभूला ते ठाऊक असतं. पण आताचं खोटं भीतीपोटी नव्हतं. समोर एक भोळी पोर होती आणि तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, म्हणून त्या खोटं बोलल्या होत्या. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. पण आता बोलायचं तरी कसं? ज्या बाईचा शब्द घरोघर चालतो, तिनं तोंड उघडलं तर उद्या तिला दारात कोण उभं करील? आणि गप्प बसलं तर इंदुमतीला मागून म्हणायला लावायचं तरी कोणत्या तोंडानं?

दुपारी सभा भरली. एका स्तोत्रानंतर मुकुंदरावांनी नाव घेतलं, इंदुमती मुलाला कडेवर घेऊन पुढं आली. तिनं डोळे मिटले. पद्मावतीबाई शेजारी उभ्या राहिल्या. सकाळचे शब्द अगदी जिभेवर होते, तेच म्हणायचे असं त्यांनी वाटेत शेवटचं ठरवलंही होतं. मुलानं हात लांबवून त्यांच्या खांद्यावरचा पदर मुठीत धरला.

"मी आगगाडीत," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"मी आगगाडीत," इंदुमती म्हणाली.

"भिऊन कुंकू लावून घेतलं."

"भिऊन कुंकू..." इंदुमतीनं डोळे उघडले. "मावशी, मी आगगाडीत नव्हते."

"मी होते," पद्मावतीबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारीचा करंडा, मेलेल्या नवऱ्याला स्टेशनावर उभं केलं ते, पायाशी सरकवलेलं बायबल. चौकात इंदुमतीला गाठलं तेव्हा आपलं कपाळ नुकतंच निवलं होतं, हेही सांगितलं. सकाळी चटईवर बसून आपण काय बोललो, तेही लपवलं नाही. मागच्या रांगेत बायका कुजबुजल्या, कुणीतरी खाकरलं. पद्मावतीबाई म्हणाल्या, "उद्या प्रभुभोजनाला हिला बोलवा. मी मागं बसते." हे वाक्य त्या पहिल्यांदाच खरं बोलत होत्या.

मुकुंदरावांनी हातातलं पुस्तक मिटलं. पंचांत तेही होते, इंदुमतीला थांबवणाऱ्यांत त्यांचाही हात होता. ते म्हणाले, "कबुली दिली त्याला प्रभूच्या मेजापासून अडवणारा मी कोण? उद्या दोघी या. बाळालाही नाताळात घेऊन या. पद्मावतीबाई, आता तेवढी प्रार्थना करा."

पद्मावतीबाईंनी हात जोडले. निम्म्या मंडळीला प्रार्थना शिकवलेली ही बाई, पण तोंडातून शब्द निघेना. सगळी सभा खोळंबली. इंदुमतीनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं त्यांचा हात धरला.

"मावशी, माझ्या मागून म्हणा," ती हळूच म्हणाली. "प्रभू, मला डर लागला."

"प्रभू, मला डर लागला," पद्मावतीबाई म्हणाल्या. पोरीचाच शब्द, जसाच्या तसा.

"आणि तू मला तरी पण घरी आणलंस."

तेवढं म्हणायला त्यांना जरा वेळ लागला, पण इंदुमती थांबली होती.