बारावं नाव

सांगलीच्या एका कृषी संशोधन केंद्रात सृष्टीचं काम एकच, आणि तेही तिरपागडं. आपल्या शास्त्रज्ञांनी परदेशी शास्त्रज्ञांबरोबर किती शोधनिबंध लिहिले, ते मोजायचं. नाव, संस्था, देश. देश जितके जास्त, तितकं केंद्राचं नाक वर. ज्याच्या नावापुढं संस्था नाही, तो मोजणीत नाही. आता माणच्या माळावर मेंढरं राखून बाजरी पेरणाऱ्या माणसाला कुठली आलीय संस्था?

अन् तिचा बाप, अर्जुना, नेमका तसाच माणूस. घरात पिढ्यान्‌पिढ्या राखेत जपलेलं बाजरीचं बियाणं त्यानं केंद्राबरोबर काम करणाऱ्या पाहुण्या शास्त्रज्ञांना मूठमूठ दिलं, दोन वर्षं त्यांच्याबरोबर रानात उभा राहिला. "निबंधात तुमचं नाव घालू," असं त्यांच्यातली जर्मनीची बाई म्हणाली होती, आणि तिनं खरंच घातलं. बारावं नाव. म्हाताऱ्यानं म्हसवडभर सांगून ठेवलं.

छापायला जायच्या आधी यादी तपासायला सृष्टीच्याच टेबलावर आली. बापाच्या नावापुढं संस्थेचा रकाना रिकामा. 'शेतकरी, म्हसवड' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण लोक म्हणतील, पोरीनं बापाचं नाव घुसवलं! या धास्तीनं तिनं ते नाव खोडलं. जळो मेली ती लाज!

निबंध छापून आला तसा कागद घेऊन ती म्हसवडला गेली. आबा अंघोळ करून, नवा फेटा बांधून बसलेला.

"वाच की गं, पोरी."

तिनं नावं वाचली. मध्येच म्हणाली, "अर्जुना, म्हसवड."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "लय झालं! आता पुन्यांदा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. या खेपेला अर्जुनानं डोळे पुसून नीट ऐकलं. जन्मात कधी त्यानं मेंढरं मोजली नव्हती, मोजली की दृष्ट लागते म्हणून. सांजेला कळप आत शिरताना नुसता बघायचा, अन् कुठलं नाही ते बरोबर सांगायचा.

"मगाशी मी त्या जर्मनच्या बाईच्या म्होरं हुतो," तो म्हणाला. "आता मागं हाय. कागदावर असतो, तर जागा हालली नसती."

सृष्टीला रडू फुटलं. "आबा, मीच खोडलं वो. लोक काय म्हणतील म्हणून..."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नगंस. पर मागं राहिलेल्या एका मेंढरापायी मी सगळा माळ पालथा घातलाय, पोरी. तू तर दारातच हुतीस, आन् तूच कवाड लावलंस."

मग त्यानं फेटा सोडला आणि घडी घालायला घेतला.