बसायचं काम

रविवारी सकाळी सात वाजता परभणीच्या एमआयडीसीच्या कमानीखाली सात-आठ माणसं बूट घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन जमली होती. त्यांच्यात गोजरबाई तेवढी पिशवीत विळा घेऊन आली होती.

"माय, विळा कशाला?" राजेश्रीनं दबक्या आवाजात विचारलं.

"रानात जायलोय म्हणलीस की तू. रिकाम्या हातानं जात्यात का रानात?"

आता हिला काय समजावणार! राजेश्री सरकीच्या तेलाच्या कारखान्यात तेलाचे नमुने तपासायची. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मंजुषाबाई दर रविवारी लोकांना चालायला न्यायच्या. कारखान्यांच्या मागं केवढं रान दडलंय ते दाखवायच्या. राजेश्रीनं आईला त्यात ओढलं होतं, ते काही पाखरं दाखवायला नव्हे. उद्या गावाकडं चारठाण्याच्या फाट्यावर ऊसतोडीचा ट्रक लागणार होता आणि गोजरबाई त्यात बसायला निघाली होती. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे. नवरा आप्पाराव जाऊन तीन वर्षं झालेली. लेक कमावती, घरात पंखा, गॅस, सगळं. तरी दिवाळी सरली की हिच्या पायाला भिंगरी लागायची. शहरात एखादा दिवस रमली तर राहील, एवढीच लेकीची आशा होती. माणूस आशेपोटी काय काय करतो!

सगळे चालायला लागले. जिनिंगच्या भिंतीला वळसा घातला आणि पायवाट नाल्याकाठी उतरली. एकीकडं पत्र्याची शेडं आणि पेंडीचा खमंग वास, दुसरीकडं बाभळी, पिवळा धमक तरवड, आणि गवतातून दुडुदुडु पळणारी पाणकोंबडी. मंजुषाबाई थांबल्या की सगळे थांबत, माना वर करून बघत. गोजरबाईची मान मात्र खाली. जिथं माणसं थांबली, तिथं ती वाकली. पहिल्या थांब्यावर तिनं तांदुळजा खुडला, दुसऱ्यावर वाळल्या काटक्या वेचल्या. तिसऱ्या थांब्याला तर पदराचा ओटा भरला होता आणि काखेत सरपण आलं होतं.

"राजे, ही माणसं किती टाइम चालणार हायत?"

"दुपारपर्यंत."

"अन् रोज किती पडतोय?"

"काहीच न्हाई माय. नुसतं बघायचं."

गोजरबाईनं बूटवाल्यांकडं एकवार नीट पाहिलं. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं म्हणाली आणि पुढं झाली. तिचं चालणं म्हणजे काय सांगावं! मागं मुकादम असल्यासारखी झपाझप निघायची, आणि मंजुषाबाई धापा टाकत तिला थांबा थांबा म्हणायच्या. राजेश्रीला हसूही येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं.

दहाच्या सुमारास मुरमाची जुनी खदान आली. मुरूम काढून झाला, पावसाचं पाणी साचलं, आणि कुणी न सांगता तिथं तळं झालं होतं. पलीकडं धुराडी होती, त्यांच्या पाण्यातल्या सावल्यांवरून बगळे चालत होते.

"आता वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही," मंजुषाबाई म्हणाल्या. "नुसतं बसायचं."

सगळे बसले. गोजरबाई काठावर बसली, उठली, परत बसली. मग खरर्र खरर्र आवाज यायला लागला. बाई विळ्यानं गवत कापत होती. पेंढीही बांधायला घेतली होती. घरात ना म्हैस, ना शेळी!

राजेश्रीचा संयम सुटला. "माय, बस की एकदा! कुणाची मजूर हायस का तू इथं? कुणी हजेरी मांडायलंय का तुझी?"

बगळे उडाले, पाण्यावरचा एक निळा खंड्याही भुर्रकन गेला. सगळ्यांनी वळून पाहिलं. गोजरबाईच्या हातातली पेंढी तिथंच राहिली.

"मला येतच न्हाई गं बसायला," ती हळू म्हणाली. "बसलं की तुझा बाप आठवतोय."

राजेश्री उठून आईजवळ गेली आणि मातीत बसली.

"ट्रकमधून जाताना वाटंत एक मोठं तळं लागायचं," गोजरबाई पाण्याकडं बघत होती. "लय मोठं. तुझा बाप दर साली म्हणायचा, गोजरे, येताना उतरून बघू. येताना ट्रक रातच्याला जायचा. सगळी मेल्यागत झोपलेली. अठरा साल गेलो आमी त्या वाटंनं. अठरा साल!"

आणि बाई रडली. कारखान्यामागच्या खदानीवर, परक्या माणसांसमोर, तोंडाला पदर न लावता रडली. आप्पाराव गेला तेव्हाही तिला एवढं रडायची सवड मिळाली नव्हती, दहाव्याचा स्वयंपाक तिनंच रांधला होता. राजेश्रीला आईची इतकी माया आली की तिनं तिचा विळ्यानं चरे पडलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. ऊस आणि बाप एकमेकांत असे गुंतलेले असतील हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आई कामासाठी जाते असं धरून ती तिला तीन वर्षं पंख्याचं आणि गॅसचं सांगत बसली होती.

वीस मिनिटं संपली. मंजुषाबाईंनी खूण केली, मंडळी उठली. गोजरबाई हलली नाही.

"बसू की जरा," ती म्हणाली. "त्यो निळा पक्षी परत येतोय का बघू."

माणसं पुढं गेली. दोघी बसून राहिल्या. खंड्या आला, पाण्यात सूर मारून गेला, पुन्हा आला. ऊन डोक्यावर यायला लागलं.

इतक्यात गोजरबाईच्या कमरेचा फोन वाजला. मुकादम चंद्रभानचा आवाज राजेश्रीलाही ऐकू येत होता. उद्या पाचला ट्रक हाय, भांडीकुंडी बांधून ठेवा.

"यंदा न्हाई जमायचं चंद्रभान," गोजरबाई म्हणाली. "न्हाई बाबा, तब्येत बरी हाय. लेकीकडं हाय. काम लागलंय."

"अन् कसलं काम?" पलीकडून आवाज आला.

गोजरबाईनं पाण्याकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"बसायला शिकायलेय," ती म्हणाली. "लय अवघड हाय."