डाव्या हातावरचा थेंब

मी कोलॅजनचा एक थेंब बोलतोय. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, खड्डे भरायचं ते विलायती इंजेक्शन, त्यातलाच. पण माझं नशीब बघा! गाल राहिला बाजूला, मी बसलोय सुलोचनाबाईंच्या डाव्या हातात, कोपराखाली.

जन्म गुराच्या कातडीतला. विमानानं इंदूरला आलो आणि एका स्किन क्लिनिकच्या फ्रिजमध्ये पडून राहिलो. बाहेर कापडाच्या मिल एकेक करून बंद पडत होत्या, आत बायका तरुण व्हायला येत होत्या. सुलोचनाबाई तिथे झाडू-पोछा करायच्या. त्यांच्या उजव्या गालात बोर मावेल एवढा खड्डा होता. मिलला टाळं लागलं त्या दिवशी नवरा, प्रतापराव, कापड विणायच्या मागावरचा, आडवं सूत नेणारा लोखंडी टोकाचा धोटा घरी घेऊन आला होता. तोच त्यानं फेकून मारला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाल भरते, मग काउंटरवर बस. पक्की नोकरी. पण आधी हातावर टेस्ट. लाली आली म्हणजे अंगाला सोसत नाही. चार हप्ते ती आली नाही, तरच."

आधी माझा भाऊ त्यांच्या उजव्या हातात गेला. चौथ्याच दिवशी प्रतापरावानं तो हात पिरगाळला. सगळा काळानिळा!

"यात मला लाली काय दिसणार, कप्पाळ?" डॉक्टरबाई चिडल्या. "दुसरा हात दे. आता बिघडलं तर काउंटरवर दुसरी बाई ठेवीन."

मग मी शिरलो. काय सांगू, बाईंनी लाथा खाल्ल्या, झिंज्या उपटून घेतल्या, ओठ फुटला. पण डावा हात पोटाखाली दाबून ठेवला. मला फार राग यायचा.

सव्विसाव्या दिवशी त्यानं तोच हात धरला. "काय लपवतेस? दाखव!"

"अहो, हात सोडा."

त्यानं पिळायला सुरुवात केली. बाईंनी उजव्या हातानं फळीवरचा धोटा उचलला आणि त्याच्या गालावर हाणला. एकदा नाही, दोनदा. हाड वाजलं. माझ्यावर गरम रक्त उडालं. तो खाली बसून ओरडत होता आणि बाई खिडकीशी जाऊन माझी जागा तपासत होत्या.

लाली आली नाही. गाल भरला, काउंटर मिळालं.

काल प्रतापराव क्लिनिकमध्ये आला, खड्डा पडलेल्या गालावर रुमाल धरून. "सुलू, माझाही भरून दे ना गं."

बाईंनी जन्मात पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली. "आधी हातावर, प्रतापराव. चार हप्ते."

त्यानं निमूट बाही वर केली.

मी आता विरघळत आलोय. फ्रिजमधल्या भावंडांनो, येतो. त्या हातात जायची पाळी आली तर खुशाल लाल व्हा.