आरशामागचा खांब

धरणी हलली की आपण देवाला हाक मारतो, पण घराच्या खांबाला कधी हात लावून पाहत नाही.

तुर्कस्तानातल्या इझमिर शहरातल्या आमच्या चाळीस वर्षांच्या इमारतीने अखेर खांबांना कार्बन धाग्यांचं कापड गुंडाळून घ्यायचं ठरवलं. घोडं अडलं तळमजल्यावरच्या सलूनपाशी. तिथला न्हावी शेवकेत उस्ता, म्हणजे उस्ताद, हाताचा कसबी, पण मागच्या दोन खांबांवरचे आरसे काढू देईना. गिऱ्हाईक तुटेल म्हणे! इंजिनियर नेव्हिन तीनदा आली. दरवेळी चहा पाजून त्याने तिला वाटेला लावलं. हे दोन खांब सोडले तर बाकीचे बांधून उपयोग नाही, हे सांगून ती थकली.

चौथ्या मजल्यावरचे म्हातारे रिफात बे, म्हणजे आपल्याकडचे रिफातराव, रोज त्याच्याकडेच दाढी करत. त्या सकाळी वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "शेवकेत, तुझा वस्तरा माझ्या गळ्यावर आहे आणि मी डोळे मिटून बसलोय. का?"

"विश्वास आहे म्हणून, बे."

"वरची बारा घरंही तशीच डोळे मिटून झोपतात. आरशामागे काय आहे ते तुलाच ठाऊक."

उस्ताने वस्तरा खाली ठेवला.

"नळाचा पाइप बसेना, म्हणून खांबाला छिन्नी लावली होती. सळ्याही कापल्या. वीस वर्षं झाली. कळलं तर लोक तोंडात शेण घालतील."

"घालतील. इमारत पडली तर शेण घालायलाही कुणी उरायचं नाही."

दोघांनी मिळून आरसे उतरवले, रिफात बेंची अर्धी दाढी तशीच! नेव्हिनने खांब पाहिला. ती रागावली नाही. आधी सळ्या जोडल्या, खाच भरली, कोपरे घासून गोल केले, मग चिकट रसायनात भिजवलेलं काळं कापड घट्ट गुंडाळलं. हादऱ्यात काँक्रीट फुटून बाहेर पडू नये, म्हणून ही मिठी.

उस्ताने बाराही दारं वाजवून आपली चूक स्वतः सांगितली. वरच्या घरातल्या साबिहा मावशी चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी शेजारच्या इमारतीतला वाणी नेव्हिनला गाठून हळूच म्हणाला, "माझ्याही कपाटामागे एक खांब आहे."

मंडळी, चूक झाकल्याने खांब भक्कम होत नाही. ती दाखवायची लाज एक दिवसाची असते. आपल्या डोक्यावर झोपलेल्यांचा जीव त्याहून फार मोठा आहे.