रिकामी घरघर

"एकीचा दम सरं, दुसरीची हाय साथ..."

चांदबीचा तो आवाज अजून माझ्या दगडात भरून आहे.

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे. तासगावाजवळच्या एका खेड्यात, बनुबाईच्या सोप्यात माझी उमर गेली. गावात इंजिनाची गिरणी आली आणि माझी जागा परड्यात गेली. आता माझ्यावर कोंबड्या बसतात.

वडाऱ्यानं डोंगराच्या काळ्या दगडातून मला घडवलं. छिन्नीचे घाव पडताना वाटलं, संपलं सगळं. पण त्याच घावांनी मला दात आले. बाभळीचा खुंटा बसवताना बनुबाई म्हणाली, "उंच ठिव रं बाबा. दोगींचं हात मावलं पायजेत."

दोघी म्हणजे तिची लेक राही आणि भिंतीपलीकडच्या पिंजाऱ्याची चांदबी. पिंजाऱ्याच्या घरात कापूस पिंजायची धनुकली होती, जातं नव्हतं. म्हणून चांदबीची आई हुसेनबी हिचाही जोंधळा माझ्याच पोटात पडायचा. पहाट झाली की दोन्ही पोरी समोरासमोर बसत. राही ओवी उचलायची, चांदबी टेकवायची.

"जोडीनं दळू बाई, एका खुट्याला दोन हात," राही म्हणायची.

"एकीचा दम सरं, दुसरीची हाय साथ," चांदबी पुरी करायची. लगेच चिमटाही काढायची, "राहे, तुजा हात खुट्याला पाव्हना आलाय व्हय गं? नुस्ताच बसून हाय!"

"आन तुजं तोंडच दळतंय, हात न्हवं!"

हसता हसता पीठ सांडायचं. बनुबाई ओरडायची. मला मात्र जन्माचं सार्थक वाटायचं.

मग लग्नं झाली. राही आटपाडीला गेली, चांदबी कराडला. निघताना चांदबीनं माझा खुंटा धरून राहीला बजावलं, "तुज्या पयल्या लेकराचा पाळना मी म्हननार. मी आल्याबिगर नाव ठिवलंस तर बघ!"

पंचेचाळीस साली राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस अगदी भरत आले होते. तेव्हाच कराडहून निरोप आला. तापानं चांदबी गेली.

बनुबाईनं हुसेनबीचे पाय धरले. "पोर अवघडल्याली हाय. तिच्या कानावर जाऊ देऊ नगा. तिचं काई बरंवाईट झालं, तर मी कुनाकडं बघू?"

हुसेनबीनं होकाराची मान हलवली. लेकीच्या मातीला जाऊन आली आणि घरात गप बसली. दोन घरांमधली भिंत कुडाची. पलीकडे हुंदका दिला तर अलीकडे राहीला ऐकू येई.

मग पहाटे ती रिकामं सूप घेऊन माझ्यापाशी येऊ लागली. जोंधळ्याचा घास टाकायची नाही. नुसतं ओढायची, गरगरा ओढायची, आणि माझ्या घरघरीत तोंड बुडवून रडायची. रिकामं जातं ओढू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दगड दगडाला खातो. माझे दात झिजले. झिजू दिले. त्या माऊलीला द्यायला माझ्यापाशी दुसरं काय होतं?

राहीला मुलगी झाली. ओल्या बाळंतिणीला सांगायचा धीर गावात कुणालाच झाला नाही. बाराव्या दिवसाचं बारसं टळलं, पुढचंही टळलं. शेजारणी टोमणे मारू लागल्या, "राहीची लेक काय बिननावाचीच नांदाया जानार?"

"चांदी आल्यावर," राही हटून म्हणायची. चांदबीला ती चांदीच म्हणे. हुसेनबी दिसली की विचारायची, "मावशी, कवा येनार वो ती?"

"यील की गं," हुसेनबी म्हणायची, आणि बाळाची अंगठी सारखी करायचं निमित्त करून मान खाली घालायची. बाळाच्या बोटात अंगठी नव्हतीच.

मित्रांनो, तुमच्या घरी जातं असेल, तर त्याला रिकामं ओढू नका. आणि कुणी ओढताना दिसलं, तर शहाणपण सांगू नका. जवळ बसा. मूठभर जोंधळा टाका. माझ्यापाशी तसं कुणी बसलं नाही. बनुबाई दाराआड उभी राहून ऐकायची आणि परत जायची.

शेवटी भाकरीच बोलली. बाळंतिणीच्या खाटेवरून उठल्यावर राहीनं भाकरीचा पहिला घास घेतला आणि तो तोंडातच राहिला.

"आये, भाकरीत कच हाय. रिकामं जातं कुनी वडलं?"

बनुबाई चुलीत फुंकर घालत राहिली. राही सोप्यात आली. हुसेनबी जोंधळा पाखडत होती. राही माझ्यापुढे बसली. सवयीनं तिनं खुंटा खाली धरला, वर दुसऱ्या हाताची जागा सोडून.

"जोडीनं दळू बाई, एका खुट्याला दोन हात..."

आणि थांबली. "म्हना की मावशी. चांदी येस्तवर तुमी टेकवा."

हुसेनबीनं हात पुढे केला. तो त्या मोकळ्या जागेवर बसला नाही.

"एकीचा दम..." ती म्हणाली. पुढचा शब्द तिनं बदलला. "एकीचा दम सरला गं, राहे. तुजं बाळ व्हायच्या आदीच सरला. माजी चांदी न्हाई ऱ्हायली. रिकामं जातं म्याच वडलं. रडाया दुसरी जागा न्हवती मला."